‘आद्य’ ह्या एका शब्दाविषयीं

मासिकांच्या टीकाविभागांत कादंबऱ्यांचीं परीक्षणें येतात, कवितासंग्रहांचीं येतात, नाटकांचींहि येतात. परंतु ज्या गद्याला महाराष्ट्रांत बहुधा सर्वांत अधिक वाचक लाभत असतील, त्याचें परीक्षण कोणीं केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. हें गद्य म्हणजे रस्त्याच्या कडेला, चौकांत, पुलाच्या तोंडाशीं आणि गांवाच्या वेशीवर उभ्या असलेल्या स्मारकपाट्यांवरील मजकूर. त्याचा लेखक कोण हें कोणास ठाऊक नसतें. त्याला प्रस्तावना नसते, किंमत नसते, आणि ऊनपाऊस हाच काय तो त्याचा टीकाकार. तथापि शाळा सोडल्यावर ज्यानें इतिहासाचें एकहि पुस्तक हातीं धरलें नाहीं, त्याचा इतिहास पुष्कळ अंशीं ह्याच पाट्यांनीं घडविलेला असतो. तेव्हां ह्या वाङ्मयाकडे एकदां टीकाकाराच्या दृष्टीनें पाहिलें तर तें वावगें होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

निमित्त एका प्रवासाचें घडलें. ठाण्याहून निघून वाशी-बेलापूरच्या वाटेनें नवी मुंबई ओलांडावी, पनवेलीवरून अलिबागेस जावें आणि परततांना उरणच्या बाजूनें यावें, असा आमचा बेत होता. घरच्या मंडळींबरोबर सातव्या इयत्तेंत शिकणारा आमचा भाचाहि होता. दिसेल ती पाटी मोठ्यानें वाचण्याचा त्याला छंद. त्याच्या ह्या वाचनामुळें एक गोष्ट लौकरच आमच्या ध्यानांत आली. पाटीवर जागा थोडी, वाचक धांवत्या गाडींतला. अशा तोकड्या संसारांत विशेषण निवडणें हीच काय ती शैली. आणि ह्या शैलीचें आवडतें विशेषण एकच आहे : ‘पहिला’, किंवा जरा भारदस्त भाषेंत, ‘आद्य’.

‘आद्य’ हा शब्द आपल्या भाषेंत नवा नाहीं. आपण आद्य शंकराचार्य म्हणतों. मुकुंदराजाच्या काळाविषयीं पंडितांत कितीहि मतभेद असले तरी त्याला आद्यकवि म्हणतों. शंकराचार्यांच्या नांवामागें ‘आद्य’ लागतें तें केवळ गौरवासाठीं नव्हे. त्यांच्या मागून त्याच पदवीचे आचार्य पीठांवर बसत आले, त्यांच्यापासून मूळ पुरुष निराळा ओळखतां यावा हा त्यांतला हेतु. म्हणजे ह्या शब्दाच्या पोटांत दोन गोष्टी गृहीत आहेत. मागून कोणी तरी आलें आहे, ही एक. आणि मोजणी कोठून सुरू करावयाची हें ठरलें आहे, ही दुसरी. पहिल्याला पहिलेपण देतो तो दुसरा. पाटीवर हा शब्द येतो तेव्हां मात्र ह्या दोन्ही गोष्टी गळून जातात आणि उरतो तो नुसता किताब.

मोजणी कोठून करावयाची, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. मुंबईंत ब्रिटिश अमदानींतले मैलाचे दगड होते. त्यांतले कित्येक रस्त्याच्या भरावांत बुडून गेले होते. अलीकडे ते उकरून पुन्हां उभे करण्यांत आले आहेत. त्यांच्यावरचे आंकडे कोटांतील सेंट टॉमस चर्चपासूनचे. त्या काळच्या सत्ताधाऱ्यांनीं शून्य आपल्या देवळाच्या दारांत मानलें, आणि दादर-परळच्या माणसानेंहि आपलें अंतर तेथूनच मोजलें. दगड खोटें बोलत नव्हता. पण शून्य कोणाचें, हें पाहिल्यावांचून त्याचा अर्थ पुरा लागत नव्हता. ‘पहिला’ सांगणारी प्रत्येक पाटी ह्याच जातीची आहे.

आमचा प्रवास जेथून सुरू झाला त्या ठाण्याचेंच उदाहरण घेऊं. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं बोरीबंदराहून १४ डब्यांची गाडी सुमारें ४०० पाहुण्यांना घेऊन निघाली आणि २१ मैलांवर ठाण्यास पोहोंचली. साहेब, सिंध आणि सुलतान ह्या तीन इंजिनांचीं नांवें अजून शाळकरी पोरांस तोंडपाठ आहेत. हिंदुस्थानांतील पहिली आगगाडी ती हीच, असें आपण सर्रास म्हणतों. पण तसें म्हणतांना एक शब्द गाळतों. ती उतारूंची पहिली गाडी. मद्रासेजवळ रेड हिल्स येथें दगड वाहण्यासाठीं १८३७ मध्येंच लोहमार्ग झाला होता, आणि रुडकीजवळ कालव्याच्या बांधकामासाठीं १८५१ च्या डिसेंबरांत वाफेचें इंजिन मातीचे डबे ओढूं लागलें होतें. मग ठाण्याचा मान कमी झाला काय? मुळींच नाहीं, गाळलेला शब्द परत घातला कीं तो मान वाढतो. दगडमाती रुळांवरून जाणें निराळें, आणि सोंवळ्याओंवळ्याच्या समाजांतील माणसें तिकीट काढून एकामागोमाग एका गाडींत चढूं लागणें निराळें. ह्या घटनेंतील खरें नवल ‘पहिली’ ह्या शब्दांत नसून ‘उतारूंची’ ह्या शब्दांत आहे. पाटी लिहिणाऱ्यास जागा वांचवावयाची असते, आणि तो नेमका हाच शब्द वांचवितो.

कळव्याचा पूल ओलांडून आम्ही बेलापूरच्या रस्त्याला लागलों. येथें पाट्यांच्या टीकाकाराची थोडी पंचाईत होते, कारण हें शहरच नवें. खाडीपलीकडे मुंबईला जुळें शहर असावें हा विचार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनीं १९६५ सालीं मांडला. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली. ठाणें, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी त्यासाठीं मुक्रर झाल्या. वाशीचा पूल १९७३ सालीं झाला, महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजीं अस्तित्वांत आली, आणि त्याच वर्षीं ९ मे रोजीं मानखुर्दहून रेल्वे वाशीस आली. येथला पहिला पूल आणि पहिली गाडी पाहिलेलीं माणसें अजून हिंडतां-फिरतां दिसतात. तेव्हां ‘आद्य’ म्हणावें असें फारसें कांहीं हातास लागत नाहीं. म्हणून येथली भाषा दुसऱ्या विशेषणाचा आश्रय करते : ‘सर्वांत मोठा’, ‘सर्वांत लांब’. शिवडीहून न्हावा-शेव्याकडे येणारा अटल सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. त्याची लांबी २१.८ किलोमीटर; देशांतील सर्वांत लांब सागरी पूल म्हणून त्याचें उद्घाटन झालें. ह्या दोन विशेषणांत एक भेद आहे. ‘सर्वांत लांब’ ही पदवी भाडेकराराची; अधिक लांब पूल उभा राहिला कीं ती सोडावी लागते. ‘पहिला’ ही पदवी वतनाची. आणि वतन म्हटलें कीं भाऊबंदकी आलीच. तिचा अनुभव आम्हांस पुढें यावयाचा होता.

पण नवी मुंबई सोडण्यापूर्वीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या शहरांत आम्हांस खरी स्मारकपाटी आढळली ती रेल्वेच्या फलाटावर. रबाळे, घणसोली, कोपरखैरणें, तुर्भें, नेरूळ हीं स्थानकांचीं नांवें म्हणजे सेक्टरांच्या आंकड्यांखालीं गेलेल्या गांवांचीं नांवें होत. एका स्थानकाचें नांव तर ‘सीवूड्स-दारावे’ असें आहे. त्याचा पूर्वार्ध नव्या वसाहतीचा, उत्तरार्ध जुन्या गांवाचा. ह्या पाटीवर ‘पहिला’ हा शब्द नाहीं, सन नाहीं, कोणाचा गौरव नाहीं. तरी आम्ही येथें आधीं होतों, हें केवळ तीन अक्षरांत इतक्या चोखपणें सांगणारें दुसरें गद्य आमच्या वाचनांत नाहीं.

पनवेलीपुढें गोव्याच्या रस्त्यावर शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडके ह्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं ह्या गांवीं झाला. त्यांच्या नांवामागें ‘आद्य क्रांतिवीर’ हीं पदें इतकीं रुळलीं आहेत कीं त्यांच्यावांचून तें नांव अपुरें वाटावें. भाच्यानें पाटी वाचली आणि विचारलें, “मामा, आद्य म्हणजे पहिले ना? मग दुसरे कोण?” आम्हीं १८९७ सालच्या चापेकर बंधूंचें नांव सांगितलें. “आणि फडक्यांच्या आधीं कोणीच नव्हतें?” ह्या प्रश्नाला मात्र आम्ही अडखळलों.

अडखळण्यास कारण होतें. पुरंदराच्या परिसरांतील भिवडीचा उमाजी नाईक ह्यानें पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांविरुद्ध बंड केलें, जाहीरनामा काढला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास त्याला फांशी झाली. त्याच्या स्मारकांवरहि ‘आद्य क्रांतिवीर’ हींच पदें असतात. अकोले भागांतील महादेव कोळ्यांचा पुढारी राघोजी भांगरे सावकार आणि सरकार ह्या दोघांविरुद्ध उठला, आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत, म्हणजे ज्या गांवाहून आम्ही सकाळीं निघालों होतों त्याच गांवीं, फांशी गेला. त्याच्या नांवामागेंहि ‘आद्य क्रांतिकारक’ हींच पदें लावतात. एका प्रांतांत एकाच कार्याचे तीन ‘आद्य’! व्याकरणाच्या दृष्टीनें ही अडचण. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें ती एक संधि आहे, असें आम्ही म्हणतों.

ह्या तिघांत खरा पहिला कोण, ह्या वादांत आम्हांस पडावयाचें नाहीं. प्रत्येकाचें शून्य निराळें आहे. इंग्रजी विद्येशीं परिचय झालेल्या माणसानें सरकारी नोकरी सोडून परकी राज्य उलथण्याची मनीषा धरली, तेथून मोजावें तर फडके पहिले. राज्य जातांच हत्यार उचललें, तेथून मोजावें तर उमाजी. जंगलपट्टींतील माणसाच्या पोटावर पाय आला तेथून मोजावें तर सह्याद्रींतील कोळी आणि भिल्ल. विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे : आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गाच्या घरांत पुष्कळ वर्षें एकच ‘आद्य’ कां ठाऊक होता? उत्तर सुखाचें नाहीं. पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यांतला कारकून आपल्याला आपला वाटला. त्याची रोजनिशी सरकारनें जप्त केली आणि खटल्यांत पुढें आणली, म्हणून त्याचें मनोगत आपल्याला वाचतां आलें. उमाजीची हकीकत मात्र आपण बराच काळ कॅप्टन मॅकिंटॉश ह्या इंग्रज अंमलदारानें रामोशांवर १८३३ सालीं लिहिलेल्या पुस्तकाच्या आधारें सांगत आलों. आणि साहेबानें ज्याला दरवडेखोरी म्हटलें तिला आपणहि त्याच नांवानें हांक मारीत राहिलों. मैलाच्या दगडाचें शून्य साहेबानें आपल्या चर्चच्या दारांत मानलें. आपणहि आपलें शून्य आपल्याच वाड्याच्या दारांत मानलें.

खुद्द फडक्यांचें चरित्र ह्या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतें. १८७९ सालीं ते उठले तेव्हां पुण्याचा शिकलेला वर्ग त्यांच्या मागें आला नाहीं. आले ते रामोशी, कोळी, भिल्ल, धनगर. दौलतराव नाईक हा रामोशी सरदार त्यांचा उजवा हात. तो त्याच वर्षीं लढतांना पडला, आणि जुलै महिन्यांत फडके पकडले गेले. पुढें १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या बंदिवासांत त्यांचा अंत झाला. म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांना पाटीवरून वगळून आपण फडक्यांना ‘आद्य’ म्हणतों, त्यांनींच फडक्यांना लढावयास माणसें दिलीं, डोंगरांतल्या वाटा दाखविल्या. भिवडीची, ठाण्याची आणि शिरढोणची अशा तिन्ही पाट्या सुट्या वाचल्या तर तो तंटा होतो. ओळीनें वाचल्या तर तोच इतिहास होतो. शिरढोणच्या पाटीवर ‘रामोशी साथीदारांसह’ एवढे दोन शब्द घातल्यानें फडक्यांची उंची रेसभरहि कमी होणार नाहीं. भाच्याला आम्हीं हेंच सांगितलें, परंतु तें सांगण्यास आम्हांस अलिबाग येईपर्यंतचा वेळ लागला, हेंहि कबूल केलें पाहिजे.

अलिबागेनजीक अक्षी गांवीं एक शिळा आहे. वर सूर्यचंद्र कोरलेले, खालीं कांहीं ओळी, आणि शेवटीं दान मोडणाऱ्यास गाढवाची ओंगळ शापवाणी. अशा दगडास आपल्याकडे गद्धेगाळ म्हणतात. डॉ. शं. गो. तुळपुळे ह्यांनीं ह्या लेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला, आणि तेव्हांपासून हा मराठीचा आद्य शिलालेख म्हणून प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षें तो रस्त्याच्या कडेला उन्हापावसांत उघडा होता. अलीकडे त्याला निवारा लाभला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्यें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून अशा शिळांकडे लोकांचें लक्षहि अधिक गेलें आहे. तथापि येथेंहि भाऊबंदकी आहेच. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याचा लेख कित्येक पिढ्यांनीं पहिला म्हणून पाठ केला. सोलापूर जिल्ह्यांतील कुडल-हत्तरसंग येथील लेख शके ९४० चा. आणि अक्षीच्या शकाचा आंकडाच सुमारें दोन शतकें अलीकडचा वाचावा, असेंहि कांहीं अभ्यासकांचें म्हणणें आहे.

परंतु आमच्या मनांत भरलें तें निराळेंच. ह्या शिळेवर कोठेंहि ‘पहिला’ असें लिहिलेलें नाहीं. शिलाहार केशिदेवाच्या राज्यांत देवीच्या कार्यासाठीं धान्याचें दान दिलें, एवढीच तिची नोंद. लिहिणाऱ्याला भाषेचा इतिहास घडवावयाचा नव्हता. दान मोडलें जाऊं नये आणि मोडणाऱ्याला धाक बसावा, एवढीच त्याला काळजी. ह्या नोंदींत अधिकाऱ्याचें नांव आहे, हेंहि सांगणें प्राप्त आहे. कारण आजच्या पाट्यांवर ज्याचें स्मारक त्याच्याहून ठळक अक्षरांत ‘शुभहस्तें’ कोणाच्या, हें छापलेलें असतें, त्या खोडीचें मूळ बरेंच जुनें दिसतें. पहिलेपण मात्र त्या शिळेला हजार वर्षांनंतरच्या वाचकांनीं दिलें. जो खरोखर पहिला असतो त्याला आपण पहिले आहों हें ठाऊक नसतें.

परतीच्या वाटेवर आम्ही चिरनेरास थांबलों. २५ सप्टेंबर १९३० रोजीं येथें जंगलसत्याग्रह करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही पडले. येथें वाचावयाचीं तीं नांवें : धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, आलू बेमट्या म्हात्रे, आणि आणखी चौघे. भाच्यानें हीं नांवें वाचलीं तेव्हां त्यानें कांहीं विचारलें नाहीं. आगरी, कोळी, कातकरी ह्या सर्वांना जंगलाच्या कायद्यानें सारखेंच गांठलें होतें, हें नुसत्या आडनांवांवरून कळत होतें. ‘हुतात्मा’ ह्या पदापलीकडे एकहि विशेषण न लागतां हें गद्य मनाला भिडतें, ह्याचें कारण त्यांत माणसें आहेत.

तेथून जासई दूर नाहीं. १९८४ च्या जानेवारींत ह्या परिसरांत नव्या शहरासाठीं घेतलेल्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठीं शेतकरी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारांत पांच जणांचा बळी गेला. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ मालकास परत देण्याची जी योजना पुढें आली, तिच्यामागें हें रक्त आहे. नवी मुंबईंत राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांपैकीं किती जणांनीं आपल्या सदनिकेच्या कागदांवर ‘साडेबारा टक्के’ हे शब्द पाहिले असतील, आणि त्यांपैकीं किती जण जासईस एकदां तरी उभे राहिले असतील? हा प्रश्न आम्हीं दुसऱ्यास विचारण्यापूर्वीं स्वतःस विचारला, आणि आमचें उत्तर लाजिरवाणें होतें.

हें सारें आतांच लिहिण्यास एक कारण आहे. ह्याच भागांत नव्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरपासून तेथून विमानें उडूं लागलीं. आतां पहिलें उड्डाण, पहिला वैमानिक, पहिला प्रवासी ह्यांच्या पाट्या लागतील. लागाव्या, आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु ज्या जमिनीवरून तें विमान उडालें, तेथें तरघर, कोंबडभुजें, चिंचपाडा, वाघिवली अशीं दहा गांवें होतीं, आणि तीं उठून गेलीं तेव्हां ही धांवपट्टी झाली. रेल्वेनें दारावे हें नांव जसें फलाटावर राखलें तसें ह्या गांवांचें होईल, अशी खात्री आज कोणीहि देऊं शकत नाहीं.

कोणी म्हणेल कीं पाटीवर एवढा पाल्हाळ मावत नाहीं. आम्ही पाल्हाळ मागत नाहीं, तीन ओळी मागतों. काय घडलें, ही पहिली ओळ. ‘पहिलें’ म्हणावयाचें असेल तर कशांतलें पहिलें आणि कोठून मोजून, ही दुसरी. हें घडतांना बरोबर कोण होतें आणि किंमत कोणीं दिली, ही तिसरी. ठाण्याच्या पाटीला ‘उतारूंची’ हा एक शब्द पुरे आहे, शिरढोणच्या पाटीला दोन, आणि विमानतळाच्या पाटीला दहा गांवांचीं नांवें. उद्घाटकाच्या नांवासाठीं आज जेवढी जागा राखली जाते, तेवढींत हें सारें सुखानें मावेल.

अशी एखादी पाटी त्या रस्त्यावर लागली असें कळलें, तर तिचें परीक्षण करण्यासाठीं आम्ही पुन्हां त्या वाटेनें जाऊं, आणि भाच्यालाहि बरोबर नेऊं. कारण पुढचा प्रश्न तोच विचारणार आहे.